फोटो एडिटिंग शिकवायला सोपा प्रोग्रॅम कोणता?

शाळेत, महाविद्यालयात किंवा प्रशिक्षणवर्गात फोटो एडिटिंग शिकवायचं ठरलं की पहिला वाद प्रोग्रॅमवरून होतो. फोटोशॉप जड आहे, गिंप किचकट आहे, पेंट डॉट नेट सोपं आहे, फोटोपी तर ब्राउझरमध्येच उघडतं, अशी मतं मांडली जातात. शेवटी निवड होते ती नवख्या माणसाला अर्ध्या तासात काहीतरी करून दाखवता येईल अशा प्रोग्रॅमची. ही कसोटीच चुकीची आहे आणि तिचा भुर्दंड शिकणाऱ्याला भरावा लागतो. प्रोग्रॅम सोपा आहे की नाही हे पहिल्या तासात कळत नाही. केलेलं काम आठवड्याने पुन्हा उघडून दुरुस्त करायची वेळ आली की कळतं.

एक साधं काम घेऊ. टेबलावर ठेवलेल्या कपाचा फोटो आहे, मागे पसारा आहे. पसारा काढून पांढरी पार्श्वभूमी करायची, खाली एक ओळ मजकूर टाकायचा आणि १२०० पिक्सेल रुंदीची जेपीईजी फाइल द्यायची. पेंट डॉट नेटमध्ये सारख्या रंगाचा भाग निवडणारा मॅजिक वाँड घ्यायचा, टॉलरन्स (किती मिळताजुळता रंग धरायचा ते) कमी-जास्त करत पार्श्वभूमीवर क्लिक करायचं, डिलीट दाबायचं. खाली पांढरा लेयर (चित्राचा वेगळा थर) टाकायचा, मजकूर लिहायचा, सेव्ह करायचं. नवख्यालाही हे पहिल्या दिवशी जमतं आणि कामाचा आनंदही होतो.

आठवड्याने कळतं की मॅजिक वाँडने कपाच्या कानाचा थोडा भागही खाल्लाय आणि मजकुरातलं एक अक्षर चुकलंय. आता काय? डिलीट केलेले पिक्सेल फाइलमध्ये नाहीत. प्रोग्रॅम बंद करताच हिस्टरी, म्हणजे केलेल्या कृतींची यादीही पुसली गेली. पेंट डॉट नेटमध्ये मजकूर एकदा लेयरवर बसला की तो मजकूर राहत नाही, त्याचे पिक्सेल होतात. लेयर शाबूत ठेवणाऱ्या त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये सेव्ह केलं असलं तरी कान परत येत नाही आणि अक्षर बदलत नाही. सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं. स्क्रीनशॉट कापायला, बाण काढायला, फोटो लहान करायला पेंट डॉट नेट उत्तम आहे आणि त्यासाठी ते खुशाल वापरावं. पण ‘शिकायला सोपं’ म्हणून वर्षभराचा अभ्यासक्रम त्याच्यावर उभा केला, तर विद्यार्थ्याच्या हाताला पुसून टाकायची सवय लागते. ती सवय नंतर मोडणं फार जड जातं.

तेच काम मास्कने, म्हणजे नको असलेला भाग न पुसता फक्त झाकून केलं तर पहिल्या दिवशी वेळ जास्त लागतो, हे मान्य. फोटोशॉपमध्ये ऑब्जेक्ट सिलेक्शनने कप निवडायचा आणि लेयर पॅनेलच्या तळाशी असलेलं मास्कचं बटण दाबायचं. गिंपमध्ये फोरग्राउंड सिलेक्ट टूलने कपाभोवती ढोबळ रेघ ओढायची, एंटर दाबायचं, कपावर ब्रशने खुणा करायच्या, पुन्हा एंटर दाबून सिलेक्शन पक्कं करायचं. मग लेयरवर उजवं क्लिक करून मास्क जोडायचा आणि तो कशावरून बनवायचा हे विचारल्यावर ‘सिलेक्शन’ निवडायचं. पार्श्वभूमी दिसेनाशी होते, पण ती तिथेच असते. मास्कवर काळा रंग असेल तिथे फोटो झाकला जातो, पांढरा असेल तिथे दिसतो, करडा असेल तिथे अर्धवट दिसतो. कपाचा कान खाल्ला गेला असेल तर मास्कवर पांढरा ब्रश फिरवायचा, की कान परत आला. फोटोशॉप आणि गिंप दोन्हींत ‘डी’ दाबलं की रंग काळा-पांढरा होतो आणि ‘एक्स’ दाबलं की दोघांची अदलाबदल होते. ही दोन अक्षरं बोटांना माहीत झाली की मास्कची भीती बरीच ओसरते.

अडकायला होतं ते वेगळ्याच जागी. लेयर पॅनेलमध्ये फोटोचा छोटा चौकोन असतो आणि त्याच्या शेजारी मास्कचा. दोन्हींपैकी कोणता चालू आहे हे फक्त त्याच्याभोवतीच्या बारीक चौकटीवरून कळतं. नवखा माणूस काळा ब्रश घेऊन कडा नीट करायला जातो आणि फोटोवरच काळे डाग पडतात, कारण चौकट फोटोच्या चौकोनाभोवती होती. मास्कची कल्पना त्याला कळलेली असते. त्याला त्या पडद्यावरची दोन मिलिमीटरची चौकट दिसलेली नसते. शिक्षकाने पहिल्याच दिवशी मुद्दाम हे डाग पाडून दाखवावेत आणि मग मास्कच्या चौकोनावर क्लिक करून तोच ब्रश पुन्हा चालवावा. हे एक प्रात्यक्षिक तासभर मेन्यू समजावण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

प्रोग्रॅमच्या सोपेपणाचा मुख्य निकष मला इथे दिसतो. चूक झाली किंवा काम अडलं की प्रोग्रॅम आपल्याशी कसा बोलतो? ब्रश फिरवतोय आणि काहीच उमटत नाही किंवा भलतंच उमटतं, हा प्रसंग प्रत्येक शिकणाऱ्यावर येतो आणि त्याची कारणं मोजकी आहेत. कुठेतरी जुनं सिलेक्शन शिल्लक आहे आणि ब्रश त्याच्याबाहेर चाललाय. भलताच लेयर निवडलेला आहे. लेयर लपवलेला किंवा लॉक केलेला आहे. ब्रशची अपारदर्शकता शून्याजवळ गेली आहे. किंवा इमेज इंडेक्स्ड मोडमध्ये, म्हणजे ठरावीक रंगांच्या यादीपुरती मर्यादित आहे. हे शेवटचं कारण फार छळतं. जीआयएफ किंवा मर्यादित रंगांची पीएनजी फाइल उघडली की ती इंडेक्स्ड मोडमध्ये येते. मग मेन्यूतले बरेच फिल्टर करडे होऊ शकतात, मऊ ब्रशच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात आणि निवडलेला रंग उमटत नाही, त्याच्या जवळपासचा उमटतो. फोटोशॉप आणि गिंप दोन्हींत उपाय एकच आहे. इमेज मेन्यूतल्या मोडमध्ये जाऊन आरजीबी निवडायचं.

अशा वेळी फोटोशॉप बहुधा चौकट उघडून कारण सांगतं. लेयर लपलेला असेल तर ब्रश चालणार नाही, असं स्पष्ट लिहून येतं. गिंप तीच गोष्ट खिडकीच्या तळपट्टीत लिहितं. तिकडे नवख्याचं लक्ष जात नाही, म्हणून त्याला प्रोग्रॅम मुका वाटतो. अफिनिटी फोटो या प्रोग्रॅमने याबाबत चांगली वाट दाखवली. त्यातला असिस्टंट आपण केलेल्या कृतीमुळे काय आपोआप बदललं हे कोपऱ्यात लिहून दाखवतो आणि तो बदल व्हावा की नाही हे आपल्याला ठरवू देतो. शिकणाऱ्याला घडवणारी सोय हीच. बटणं मोठी आहेत का, रंगसंगती छान आहे का, यावर तासन्तास चर्चा होते. अडलं तर हा प्रोग्रॅम कारण सांगतो का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

गिंपबद्दल प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगायला हव्यात. १९९५ मध्ये स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी बर्कली इथे सुरू केलेला हा प्रकल्प आजही मोफत आणि मुक्त आहे आणि त्याला मिळणाऱ्या शिव्या सगळ्याच अन्यायाच्या नाहीत. अनेक वर्षं त्यात साधं वर्तुळ काढायचं तर आधी लंबवर्तुळाचं सिलेक्शन करायचं आणि मग त्याच्या कडेवर रेघ मारायची, असा द्राविडी प्राणायाम होता. पेस्ट केलेली गोष्ट ‘तरंगतं सिलेक्शन’ होऊन मध्येच लटकायची. ती नांगरल्याशिवाय (खालच्या लेयरला जोडल्याशिवाय) किंवा तिचा नवा लेयर केल्याशिवाय पुढचं काम होत नसे आणि हे नवख्याला कुणी सांगत नसे. प्रत्येक लेयरला स्वतःची हद्द असते, पिवळ्या-काळ्या तुटक रेघेची. त्या रेघेबाहेर ब्रश उमटत नाही. छोटा लोगो पेस्ट करून त्याच्या बाजूला काही काढायला गेलं की गाडी अडायचीच. उपाय एका ओळीचा आहे, लेयर मेन्यूतून लेयरचा आकार इमेजएवढा करायचा, पण तो माहीत असायला हवा. २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीने यातलं बरंच सुधारलं. पेस्ट केलेलं आता मुळातच नव्या लेयरवर जातं, ब्रश चालवताना लेयर आपोआप वाढवायची सोय आली आणि फिल्टर लेयरवर कायमचा न कोरता नंतर बदलता येतो. गिंप अवघड आहे हे मत ज्यांनी दहा वर्षांपूर्वी बनवलं, त्यांनी ते पुन्हा तपासून पाहावं.

मात्र ज्या एका गोष्टीसाठी गिंपवर सर्वांत जास्त टीका झाली, तिथे माझ्या मते गिंपचंच बरोबर होतं. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून त्यात ‘सेव्ह’ केलं की फाइल एक्ससीएफ (गिंपचा स्वतःचा फाइल प्रकार) म्हणूनच साठते, सगळे लेयर आणि मास्क शाबूत ठेवून. जेपीईजी किंवा पीएनजी हवी असेल तर ‘एक्स्पोर्ट’ करावं लागतं. एक पाऊल वाढलं म्हणून लोक चिडले. पण काम चालू असलेली फाइल वेगळी आणि दुसऱ्याला द्यायची फाइल वेगळी, हा या विषयातला पहिला धडा आहे. जेपीईजीत लेयर राहत नाहीत, पारदर्शकता राहत नाही आणि एडिट करून पुन्हा सेव्ह करताना दर वेळी थोडा तपशील जातो. नेमकं हेच न कळल्यामुळे नवखे लोक मूळ फोटोवरच बदल साठवतात आणि मूळ फोटो गमावतात. पुढे २०२१ मध्ये फोटोशॉपनेही लेयर असलेल्या फाइलसाठी ‘सेव्ह अ‍ॅज’ आणि ‘सेव्ह अ कॉपी’ असे दोन मार्ग केले आणि जेपीईजी दुसऱ्या मार्गाला नेली. तिथेही लोक चिडले आणि जुनी पद्धत परत घेण्याची सोय द्यावी लागली. पण शिकवणाऱ्याने या चिडीला भुलू नये. इथे वाढलेला एक क्लिक शिकणाऱ्याच्या फायद्याचा आहे.

फोटोचा आकार बदलण्याबाबतही तेच. ‘रेझोल्यूशन ७२ आहे, ३०० करून द्या’ ही मागणी सगळीकडे ऐकू येते आणि बहुतेक वेळा ती अर्थहीन असते. ३००० गुणिले २००० पिक्सेलचा फोटो ३०० पीपीआयने (एका इंचात ३०० पिक्सेल) छापला तर १० इंच रुंद येतो आणि १५० ने छापला तर २० इंच. पिक्सेल तेवढेच राहतात. फोटोशॉपच्या इमेज साइझ चौकटीत हे दोन्ही विषय एकत्र आहेत आणि ‘रीसँपल’ नावाच्या एका खुणेवर सगळं अवलंबून आहे. ती खूण चालू ठेवून ७२ चे ३०० केले की प्रोग्रॅम नसलेले पिक्सेल अंदाजाने तयार करतो, फाइल फुगते आणि फोटो मऊ पडतो. गिंपमध्ये पिक्सेल बदलायला ‘स्केल इमेज’ आणि छपाईचा आकार ठरवायला ‘प्रिंट साइझ’ असे दोन वेगळे पर्याय आहेत. ज्याला किचकट म्हणतात त्या प्रोग्रॅमने ही संकल्पना जास्त स्वच्छ मांडली आहे.

मग फोटोशॉप लोकांना सोपं का वाटतं? मुख्य कारण प्रोग्रॅमच्या बाहेर आहे. १९९० मध्ये पहिली आवृत्ती आली, १९९४ मध्ये ३.० आवृत्तीत लेयर आले आणि तेव्हापासून शिकवण्याचं साहित्य साठत गेलं. कुठेही अडलं तरी त्याचं उत्तर कुणीतरी देऊन ठेवलेलं असतं. ही फार मोठी सोय आहे आणि ती कमी लेखू नये. पण तिची दुसरी बाजूही आहे. जुनं ट्यूटोरियल पाहून नव्या आवृत्तीत काम करणारा माणूस गोंधळतो. २०१८ पर्यंत फोटोशॉपमध्ये कंट्रोल+झेड दाबलं की शेवटची एकच कृती मागे जायची आणि पुन्हा दाबलं की तीच परत यायची. आणखी मागे जायला वेगळा शॉर्टकट होता. त्या वर्षअखेरच्या आवृत्तीपासून कंट्रोल+झेड सलग मागे नेतं. जुनी सूचना वाचून काम करणाऱ्याच्या हातून अशाने चुका होतात आणि तो दोष स्वतःला देतो.

एका प्रोग्रॅमची बोटांना लागलेली सवय दुसऱ्यात कशी आडवी येते, त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण सिलेक्शन काढून टाकण्याचं. फोटोशॉपमध्ये त्यासाठी कंट्रोल+डी. गिंपमध्ये कंट्रोल+डी दाबलं की अख्ख्या इमेजची दुसरी प्रत उघडते आणि सिलेक्शन तसंच राहतं. गिंपमध्ये सिलेक्शन काढायला कंट्रोल+शिफ्ट+ए दाबावं लागतं. त्याहून घातक आहे कंट्रोल+टी. फोटोशॉपमध्ये त्याने आकार बदलायची चौकट येते. गिंप २.१० मध्ये मात्र त्याने सिलेक्शनची हलती तुटक रेघ लपते. सिलेक्शन जिवंत, पण अदृश्य. पुढे ब्रश का चालत नाही ते शोधत बसा. फोटोशॉपवरून आलेल्या माणसाने गिंपला वैतागून सोडलं, तर त्यामागे बहुतेक वेळा अशीच चार-पाच कारणं असतात आणि ती पंधरा मिनिटांत शिकवता येतात. क्रिता या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये सेटिंग्जमधून फोटोशॉपसारखे शॉर्टकट निवडता येतात. अशी सोय प्रत्येक प्रोग्रॅमने द्यायला हवी.

फोटोपीचा विचार शिक्षणसंस्थांनी अधिक गांभीर्याने करावा असं मला वाटतं. इन्स्टॉल करावं लागत नाही, पीएसडी (फोटोशॉपची लेयरसकट फाइल) उघडतं, मांडणी जवळपास फोटोशॉपची आहे आणि फाइल सर्व्हरवर न जाता आपल्याच यंत्रावर हाताळली जाते. मर्यादा ब्राउझरची. मोठी, पुष्कळ लेयरची फाइल धापा टाकते आणि कंट्रोल+डब्ल्यू दाबलं तर ब्राउझर टॅबच बंद करायला जातो. क्रिता मुळात चित्रकारांसाठी आहे, फोटो दुरुस्तीसाठी पहिली निवड होऊ नये. अफिनिटी २०२५ च्या अखेरीपासून मोफत मिळतं आहे. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) उघडल्यावर आधी ‘डेव्हलप’ ही पायरी पूर्ण करावी लागते, त्याशिवाय पुढची टूल मिळत नाहीत, एवढं सांगून ठेवलं तर विद्यार्थी त्यात लवकर रुळतो. छपाईचं काम शिकवायचं असेल तर गिंप एकट्याने पुरत नाही, कारण त्यात छपाईच्या चार शाईंचा पूर्ण सीएमवायके मोड नाही. तिथे फोटोशॉप किंवा अफिनिटीच घ्यावं.

आता एका बटणात पार्श्वभूमी काढणाऱ्या सोयी आल्या आहेत, मग मास्क शिकायचा कशाला, असा प्रश्न विचारला जातो. बटणाचं काम संपतं तिथून मास्कचं काम सुरू होतं. केस, काच, जाळी, धूसर कड, या ठिकाणी आपोआप केलेलं सिलेक्शन चुकतंच. कपाच्या कडेला जुन्या पार्श्वभूमीचा हिरवट रंग चिकटून राहतो आणि पांढऱ्यावर ठेवल्यावर तो उठून दिसतो. मास्क एक-दोन पिक्सेल आत घ्यायचा किंवा कडेचा रंग वेगळ्या लेयरवर दुरुस्त करायचा, हे ज्याला येतं त्यालाच त्या बटणाचा खरा उपयोग करता येतो. ज्याला येत नाही, तो बटण पुन्हा पुन्हा दाबत राहतो.

अभ्यासक्रमाच्या नावातच एखाद्या प्रोग्रॅमचं नाव असणं मला म्हणूनच खटकतं. परीक्षेत ‘अमुक आज्ञा कोणत्या मेन्यूत आहे’ असे प्रश्न विचारले जातात आणि पुढच्या आवृत्तीत ती आज्ञा हलली की ते ज्ञान कुचकामी होतं. लेव्हल्स आणि कर्व्हज (उजेड-अंधार सुधारायची साधनं), लेयर, मास्क, ब्लेंड मोड (लेयर एकमेकांत मिसळायची पद्धत) या गोष्टी नावासकट जवळपास सगळीकडे त्याच आहेत. फोटोशॉपचा मॅजिक वाँड गिंपमध्ये फझी सिलेक्ट होतो. एका जागचा भाग दुसरीकडे उमटवणाऱ्या क्लोन स्टँपसाठी फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून मूळ जागा निवडायची, गिंपमध्ये कंट्रोल दाबून. एवढाच काय तो फरक. संस्थेला परवडेल तो, मास्क आणि बदलता येणारा मजकूर असलेला कोणताही एक प्रोग्रॅम घ्यावा. चार आठवडे त्यात शिकवावं. पाचव्या आठवड्यात तोच कपाचा फोटो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये करायला द्यावा, कोणत्याही सूचना न देता. विद्यार्थी कल्पना शिकला की फक्त जागा पाठ केल्या, ते त्या दिवशी कळेल.

नोकरी देणारे फोटोशॉपच मागतात, हा यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि तो खरा आहे. पीएसडी ही कामाच्या देवाणघेवाणीची भाषा झाली आहे. पण कामावर रुजू झालेल्या माणसाकडून अपेक्षा असते ती दुसऱ्याने बनवलेली चाळीस लेयरची फाइल उघडून, कुठे काय आहे ते समजून, एकच गोष्ट बदलून परत देण्याची. ज्याने मास्क, लेयरचे गट आणि त्यांना नावं देण्याची शिस्त कुठल्याही प्रोग्रॅममध्ये नीट शिकली आहे, तो हे काम फोटोशॉपमध्ये थोड्याच दिवसांत करू लागतो. ज्याने फोटोशॉपमध्येच शिकलं, पण एकाच लेयरवर खोडत-पुसत शिकलं, तो तिथेच अडतो.

परीक्षाही त्या हिशोबाने घ्यावी. विद्यार्थ्याकडून तयार जेपीईजीबरोबर लेयरसकट मूळ फाइल मागावी आणि परीक्षकाने ती उघडून पाहावी. मास्कच्या चौकोनावर फोटोशॉपमध्ये शिफ्ट दाबून किंवा गिंपमध्ये कंट्रोल दाबून क्लिक केलं की मास्क बंद होतो आणि मागचा पसारा जसाच्या तसा परत दिसायला हवा. मजकुरावर टेक्स्ट टूलने क्लिक केलं की कर्सर लुकलुकायला हवा. लेयरना नावं हवीत. आणि जेपीईजीची रुंदी १२०० पिक्सेल आहे का, हे शेवटी पाहावं.